‘श्यामची आई’ आणि आमच्या घरातली मतं



१ ऑगस्टला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि सुजय डहाके यांच्या ‘श्यामची आई’ला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. बातमी आल्यापासून आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मतांचा नुसता पाऊस. एक म्हणाली, श्यामची आई म्हणजे वनमालाच, दुसरी कुणी डोळ्यांसमोर येतच नाही. दुसरीचं म्हणणं, जुन्यात रडारड फार, नवा जास्त खरा वाटतो. तिसरीनं नवा पाहिलाच नव्हता, तरी तिचं मत सगळ्यांत लांबलचक होतं. एका तरुण सुनेनं लिहिलं, ‘अशी आई आजच्या मुलांना चालणार नाही,’ आणि त्यावर आम्हा साठीच्या बायकांचे अंगठे रात्री दहापर्यंत चालू होते.

मी मात्र काहीच लिहिलं नाही. एरवी मी गप्प बसणाऱ्यातली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. दोघींनी वेगळा मेसेज करून विचारलं, ‘काकू, तुम्ही कशा गप्प? तुमचा तर त्यावर लेखही होता. तो आता दिसत का नाही?’

तो लेख मी काढून टाकला. का काढला, ते आज सांगते.

आपल्यातल्या ज्यांचं माहेर गुजराती किंवा मारवाडी, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात गोष्ट सांगते. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं. ते छापून आलं १९३५ साली. श्याम म्हणजे ते स्वतःच. दापोली तालुक्यातलं पालगड हे त्यांचं गाव. घर एके काळी खाऊनपिऊन सुखी, मग कर्ज, अपमान, आईचं आजारपण. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. म्हणून पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. एकूण बेचाळीस. गुरुजींची आई यशोदाबाई १९१७ सालीच गेल्या होत्या. म्हणजे आई गेल्यावर पंधरा वर्षांनी, तेहतिशीच्या मुलानं कोठडीत बसून सांगितलेली ही आईची गोष्ट. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला चित्रपट आचार्य अत्र्यांनी काढला, १९५३ साली. गुरुजी जाऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. आईच्या कामाला वनमाला, छोट्या श्यामच्या कामाला माधव वझे, संगीत वसंत देसाईंचं. राष्ट्रीय पुरस्कार त्याच वर्षीच्या चित्रपटांपासून सुरू झाले आणि पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटानं पटकावलं. ‘दो बिघा जमीन’सारखा चित्रपटसुद्धा त्या वर्षी त्याच्या मागे होता.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव. बस्तीच्या शेजारच्या पटांगणात पांढरा पडदा बांधला होता. पुढे पोरं, मागे बायका, कडेला पुरुष. शेवटी आई जाते तिथं मागून हुंदक्यांचा असा आवाज आला की आम्ही पोरं पडदा सोडून मागेच वळून बघायला लागलो. माझी आईही पदर डोळ्यांना लावून बसली होती. घरी परतताना अंधारात ती आम्हा भावंडांना एवढंच म्हणाली, “रडलात ना एवढं? मग उद्या सकाळी एका हाकेत उठा.” चित्रपटावरचं मी ऐकलेलं पहिलं मत ते.

त्या रात्री मी मनात ठरवून टाकलं की मोठेपणी आपण अशीच आई व्हायचं.

पुढे सांगलीत बी.कॉम. झाले, लग्न होऊन १९८२ मध्ये भाईंदरला आले. तेव्हा इथं मिठागरं जास्त आणि इमारती कमी. पाण्याचा टँकर आला की बादल्या घेऊन पळायचं. माझं शिक्षण हिशोबाचं, म्हणून महिला मंडळाची वही आपोआप माझ्याकडे आली आणि इतकी वर्षं राहिली. १९९४ साली मंडळाची कुंभोज-बाहुबलीची यात्रा निघायची होती. तीस बायकांचे प्रत्येकी पन्नास, असे पंधराशे रुपये बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. रात्री मोजले तर चौदाशे ऐंशी. पुन्हा मोजले, चौदाशे ऐंशीच. मला झोप लागेना. वीस रुपयांसाठी नव्हे हो, पण वही जुळली नाही की मला अन्न गोड लागत नाही.

दुसऱ्या दिवशी अभयच्या दप्तरात पहिलवानांच्या चित्रांचे ट्रम्प कार्डांचे पत्ते सापडले. तेव्हा तो सहावीत होता. त्यानं आधी नाही म्हटलं, मग कबूल केलं.

मी त्याला मारलं नाही. त्याच संध्याकाळी मंडळाची बैठक होती. शाळेच्या गणवेशातच त्याला तिथं घेऊन गेले. सगळ्या बायकांसमोर उभं करून ‘मी पैसे चोरले, मला क्षमा करा’ असं म्हणायला लावलं. तो म्हणाला. आवाज फुटत नव्हता, म्हणून मी त्याला पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणायला सांगितलं. नंतर अध्यक्षीणबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “अगदी श्यामची आई आहात हो तुम्ही!”

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या वाक्यानं मला जो आनंद झाला तो बी.कॉम.च्या निकालानंही झाला नव्हता.

तेव्हापासून ही गोष्ट माझी झाली. मुलांना वळण कसं लावावं असा विषय निघाला की मी ती सांगायची. हळदीकुंकवाला सांगितली, गावाकडच्या लग्नांत सांगितली, आणि तुमच्यासाठी इथंही लिहिली. ‘आजकालच्या आयांनी शिकावं’ अशी तुमची उत्तरंही आली. ती मी घरात सगळ्यांना वाचून दाखवली होती.

आता नव्या चित्रपटाकडे येते. तो लागला १० नोव्हेंबर २०२३ ला, धनत्रयोदशीला. दोनच दिवसांनी सलमान खानचा ‘टायगर ३’ आला, त्यामुळे आमच्या मिरा-भाईंदरमध्ये श्यामच्या वाट्याला एखाद-दुसरा खेळ, तोही अडनिड्या वेळेचा. दिवाळी, निर्वाण लाडू, भाऊबीज सगळं आटोपल्यावर एका शनिवारी दुपारी आम्ही पाचजण गेलो. हे, मी, अभय, सूनबाई स्नेहल आणि आठ वर्षांची आर्या. थिएटरात आमच्यासारखीच आणखी दोन-चार कुटुंबं. प्रत्येकात एक आजी, आणि तिनंच सगळ्यांना ओढून आणलेलं दिसत होतं.

नवा चित्रपटही कृष्णधवल आहे. मोठेपणीच्या गुरुजींच्या कामाला ओम भूतकर, आईच्या कामाला गौरी देशपांडे, वडिलांच्या कामाला संदीप पाठक, आणि छोटा श्याम शर्व गाडगीळ. परतताना रिक्षा दोन झाल्या आणि मतं पाच.

यांचं मत ठरलेलंच होतं, “जुन्याची सर नाही.” आर्यानं विचारलं, “रंग कुठे गेले? आजीच्या वेळी जगात रंग नव्हते का?” स्नेहलला चित्रपट मनापासून आवडला. ती म्हणाली, “आई, शाळेत धडा होता तेव्हा मला वाटायचं, ही बाई सारखी उपदेश करते. आज वाटलं, केवढीशी वयानं ती! कर्ज, आजारपण, घरात मुलं, आणि बोलायला कुणी नाही.” तिचं हे मत मला नवं होतं. इतकी वर्षं मी त्या आईचं वय कधी मोजलंच नव्हतं. तिच्या काळच्या बायकांची लग्नं केवढ्याशा वयात व्हायची, तेव्हा माझ्या सुनेपेक्षा ती फारशी मोठी नसणार.

मी माझं मत दिलं, की नव्यात कडकपणा थोडा कमी पडतो. अभयला विचारलं, तर तो “चांगला होता” म्हणाला आणि खिडकीबाहेर मेट्रोचे खांब बघत बसला.

आठवड्याभरात आर्याला जुना चित्रपटही घरी टीव्हीवर दाखवला. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई बडवून काढते आणि विहिरीवर पाठवते, तो प्रसंग आला. आर्या ताडकन उठून उभी राहिली. “आजी, १०९८ ला फोन करायला हवा होता!” शाळेत त्यांना मुलांच्या मदतीचा तो नंबर पाठ करून घेतलाय. यांना हसू आवरेना. मी तिला समजावलं की कोकणात विहिरी, नद्या, पावसाळ्यात सगळीकडे पाणी, पोहणं आलं नाही तर जीव जायचा, शिवाय श्याम भित्रा आहे असं कुणी म्हणू नये म्हणून तिची धडपड. आर्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग हे त्याला आधी सांगायचं ना.” तिचं मत तिनं बदललं नाही.

मग मी कपाटातलं पुस्तक काढलं आणि रोज झोपताना एक रात्र वाचायची असं ठरवलं. वडाला आजारी आईच्या ऐवजी श्याम प्रदक्षिणा घालतो आणि पोरं आपल्याला हसतील म्हणून लाजतो, तिथं ती खुदकन हसली. घरट्यातून पडलेल्या पिलाला मुलं वाचवायला बघतात आणि ते मरतं, तिथं आम्ही दोघीही गप्प झालो. अळणी भाजीची गोष्ट तर आपल्या घरांतलीच वाटते. घाईत आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील अवाक्षर न काढता जेवून उठतात, आणि आईला कळतं ते स्वतः पानावर बसल्यावर. मला वाटलं, इथं नातीला रसत्याग समजावून सांगायची उत्तम संधी आहे. आपल्याकडे कुणी रविवारी मीठ सोडतं, कुणी आयंबिल करतं, जिभेवर ताबा म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. मिठागरांच्या गावात राहून अळणी खाणारे आपण! पण आर्याचा प्रश्न भलताच. “बाबांनी सांगितलं असतं तर आईनं मीठ घालून घेतलं असतं ना? आता बिचारीला एकटीला अळणी खावं लागलं.” मी म्हटलं, झोप आता.

आणि मग ती रात्र आली. श्याम पाहुण्याचे पैसे चोरतो, पुस्तकं घेण्यासाठी. आधी नाकारतो, मग रडत रडत कबूल करतो. आई त्याला पुन्हा असं करू नकोस म्हणते, आणि क्षमा करते. वाचून झालं आणि आर्या मोठ्या उत्साहानं म्हणाली, “आजी, बाबांनीपण केली होती ना चोरी? तू सगळ्यांना सांगतेस ती!”

दारात अभय उभा होता. तिला पाण्याची बाटली द्यायला आला होता. बाटली ठेवून तो निघून गेला.

ती झोपल्यावर मी बाहेर आले. तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. मी काही विचारायच्या आधी तोच बोलला, आवाज न चढवता.

“आई, श्यामच्या आईनं तो विषय तिथंच संपवला. तुझा अजून चालू आहे.”

मी म्हटलं, “अरे, मी काय तुला नावं ठेवायला सांगते का? कौतुकानंच सांगते. त्या दिवसानंतर तू कधी कुणाच्या पैशाला हात लावला नाहीस, हेच सांगते ना?”

“ती शिक्षा बरोबर होती की चूक, ते जाऊ दे. वीस रुपये मी घेतले होते. पण साखरपुड्याला स्नेहलच्या माहेरच्यांसमोर सांगितलंस. माझ्या ऑफिसचे मित्र घरी जेवायला आले, त्यांना सांगितलंस. आर्याला पहिलीत असताना सांगितलंस. प्रत्येक वेळी मी परत तिथं गणवेशात उभा राहतो, आणि लोक तुझं कौतुक करतात.”

मी अजूनही माघार घेतली नव्हती. म्हणाले, “श्यामनं पुस्तकांसाठी घेतले होते, तू पत्त्यांसाठी.” हे वाक्य तोंडातून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. बेचाळिशीकडे झुकलेल्या माणसाला मी अजून पत्त्यांचा हिशोब विचारत होते.

तो उठून झोपायला गेला. मी ओटा पुसत राहिले. आधीच पुसलेला होता.

त्या रात्री मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि इतक्या वर्षांत न दिसलेली एक साधी गोष्ट दिसली. या पुस्तकात आई कुठंही स्वतःबद्दल सांगत नाही. पालगडच्या त्या माउलीला ‘श्यामची आई’ व्हायचंच नव्हतं. ती नुसती दिवस ढकलत होती, चुकत होती, रडत होती, पुन्हा कामाला लागत होती. तिच्यातलं काय थोर आणि काय कठोर, हे सगळं मुलानं ठरवलं, तेही ती गेल्यावर, स्वतः मोठा होऊन. मार खाल्ला तोही त्यानंच सांगितला, आणि त्यातलं प्रेमही त्यानंच सांगितलं. तो अधिकार त्याचा होता. मी मात्र मुलाच्या वाटणीची गोष्ट आधीच उचलून माझ्या नावावर लावली. हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर जी रक्कम १९९४ मध्येच फिटली होती, तिची बाकी मी एकोणतीस वर्षं दरसाल पुढे ओढत आणली.

आणि क्षमेचं म्हणाल, तर आपण दरवर्षी क्षमावाणीला कुणाकुणाला उत्तम क्षमा म्हणत नाही? कुणी मिच्छामि दुक्कडम् म्हणतं, कुणी हात जोडतं, आता तर एका बोटानं अडीचशे जणांना पाठवतो. अभयलाही मी दरवर्षी म्हणत आले आहे. पण अमुक एका गोष्टीसाठी, तिचं नाव घेऊन, त्याच्या तोंडाकडे बघून, असं कधीच नाही. त्याला मात्र अकराव्या वर्षी मी नाव घेऊन म्हणायला लावलं होतं. दोनदा.

सकाळी तो बूट घालत असताना मी म्हटलं, “अभय, तुला सगळ्यांसमोर उभं केलं त्याची, आणि नंतर सांगत फिरले त्याची, मला क्षमा कर.” तो थोडा गोंधळला. “ठीक आहे गं,” म्हणाला. मग विचारलं, “डबा झाला का?” चित्रपटात असतं तर इथं संगीत वाजलं असतं. मी डबा दिला, तो सात बावन्नची गाठायला पळाला.

त्या दुपारी मी इथला तो लेख काढला.

गेल्या वर्षी गावाकडे एका लग्नात मामेबहिणीनं सगळ्यांत बसून म्हटलं, “अक्का, ती अभयची गोष्ट सांग की नव्या सुनांना!” अभय समोरच जेवत होता. त्यानं मान वर केली. मी म्हटलं, “अगं, ती जुनी झाली. मी भाजीत मीठ विसरले आणि यांनी काय तोंड केलं, ते सांगते.” सगळ्या हसल्या. अभयनं वाढप्याकडून आणखी एक पोळी मागून घेतली.

मग आज इथं पुन्हा का लिहिली, असं तुम्ही म्हणाल. त्याला विचारूनच लिहिली. पूर्ण वाचायला दिली. त्यानं एकच दुरुस्ती केली, की पत्ते चाळीस नव्हे, तीसच होते. तो आकडा मी मग काढूनच टाकला. आणि म्हणाला, “लिही. पण ही शेवटची.” मी कबूल केलं आहे.

पुढे आपलं दशलक्षण पर्व येतंच आहे. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. तोवर एखाद्या दुपारी मुलांना, नातवंडांना घेऊन दोन्हींपैकी कुठलाही चित्रपट बघा. वनमाला थोर की गौरी देशपांडे, यावर मी ग्रुपवर उद्या माझं मत टाकणारच आहे, ते काही सुटायचं नाही. पण चित्रपट संपल्यावर आपलं मत देण्याआधी मुलांना त्यांचं विचारा, आणि ते बोलत असताना मध्ये बोलू नका. मला ते फार उशिरा जमलं.

जय जिनेंद्र.